समकालीन तत्त्वज्ञानाचा अभ्यास: प्रश्न आधी, परंपरा मागाहून

तत्त्वज्ञान शिकायचं मनावर घेतलं की बहुतेक जण एखादा जाडजूड इतिहास उघडतात. थेलीसपासून सुरुवात होते, प्लेटोपर्यंत उत्साह टिकतो आणि मध्ययुगात कुठेतरी खूण घालून पुस्तक मिटलं जातं, ते कायमचं. माझं असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी उलट्या बाजूनं शिरलो. एक प्रश्न घेतला, त्यावरचा एक छोटा लेख घेतला आणि त्या लेखाला जेवढं लागलं तेवढंच मागचं वाचलं. ही वाट टिकली, म्हणून तीच इथे सांगतो.

नकाशा मात्र डोळ्यांपुढे असावा, आणि तो चार ओळींत मावतो. १८७९ मध्ये गोटलोब फ्रेगे यांनी तर्कासाठी नवी चिन्हलिपी मांडणारं छोटं पुस्तक काढलं. १९००-०१ मध्ये एडमुंड हुसेर्ल यांचं 'तार्किक अन्वेषणं' आलं. ढोबळमानानं पहिल्यापासून विश्लेषणवादी परंपरा निघते, म्हणजे भाषा आणि युक्तिवाद काटेकोरपणे तपासणारी. दुसऱ्यापासून फेनॉमेनॉलॉजी, म्हणजे अनुभव जसा येतो तसं त्याचं वर्णन करण्याची पद्धत, निघते, आणि तिच्याशी जुळवून किंवा भांडून युरोप खंडातल्या बऱ्याच विचारधारा. हे दोघे एकमेकांना चांगले ओळखून होते. हुसेर्ल यांच्या अंकगणितावरच्या पुस्तकाचं फ्रेगे यांनी १८९४ मध्ये चांगलंच झोडपणारं परीक्षण लिहिलं होतं. मायकल डमेट यांनी या दोन परंपरांना ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांची उपमा दिली आहे: उगम जवळजवळ, थोडं अंतर बरोबरीनं, मग तोंडं फिरतात आणि दोघी वेगवेगळ्या समुद्रांना मिळतात. तिसरा प्रवाह अमेरिकेतल्या, कल्पनेचं मोल तिच्या प्रत्यक्ष परिणामांवरून ठरवणाऱ्या फलप्रामाण्यवादाचा, म्हणजे पर्स, जेम्स आणि ड्युई यांचा. सुरुवातीला एवढं पुरे.

पहिलं पाऊल: तीन पानं, तीन वाचनं

एडमंड गेटियर यांचा १९६३ चा लेख जेमतेम तीन पानांचा आहे. 'समर्थन असलेला खरा विश्वास म्हणजे ज्ञान का?' असा त्याचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'नाही' असं आहे. गेटियर यांनी त्यानंतर फारसं काही छापलं नाही, पण या तीन पानांवर उभं राहिलेलं लेखन वाचून संपणार नाही.

मुद्दा असा. समजा, ग्रंथालयाच्या खिडकीतून तुम्हाला तुमचा मित्र वाचत बसलेला दिसतो. तुम्ही मनाशी म्हणता, 'तो ग्रंथालयात आहे.' दिसलेला माणूस असतो त्याचा जुळा भाऊ. पण मित्रही त्याच वेळी त्याच ग्रंथालयात, तळघरातल्या खोलीत असतो. तुमचा विश्वास खरा आहे, त्याला चांगलं कारणही आहे. तरी तुम्हाला ते 'माहीत होतं' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता लेख हातात घ्या. पहिल्या वाचनात नुसतं पुढे जा, अडलं तरी थांबू नका. दुसऱ्या वाचनात प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकच वाक्य लिहा: हा परिच्छेद काय *करतो*? व्याख्या देतो, गृहीत मांडतो, उदाहरण देतो की निष्कर्ष काढतो? 'काय सांगतो' हे लिहायला लागलात तर सारांश तयार होतो आणि सारांशाचा इथे उपयोग नसतो. तिसऱ्या वाचनात गेटियर यांनी सुरुवातीलाच मान्य करून घेतलेल्या दोन गोष्टी शोधा. एक, खोट्या विश्वासालाही समर्थन असू शकतं. दुसरी, समर्थन असलेल्या विश्वासातून बरोबर तर्कानं काढलेल्या निष्कर्षालाही समर्थन मिळतं. पुढची सगळी भांडणं कोणत्या तरी बिजागरीवर फिरतात, आणि या दोन त्यांतल्या महत्त्वाच्या आहेत.

मग उत्तरं पाहा, पण एका दमात नव्हे. आधी स्वतःचं उत्तर कागदावर उतरवा. 'मधल्या टप्प्यावर खोटं विधान नसावं' असं काहीतरी तुम्हाला सुचेल, बहुतेकांना तेच सुचतं. त्यानंतर ॲल्विन गोल्डमन यांचं १९६७ चं कारणसंबंधाचं उत्तर वाचा: वस्तुस्थितीनंच तो विश्वास घडवलेला असावा. मग १९७६ मध्ये त्यांनीच पुढे आणलेलं नकली कोठारांचं उदाहरण घ्या. रस्त्याकडेला नुसत्या दर्शनी भिंती उभ्या केलेल्या आहेत, त्यांत एकच खरं कोठार आहे आणि तुमची नजर नेमकी त्याच्यावर पडते. इथे कारणसंबंध ठीक आहे, मधे खोटं विधान नाही, तरी ज्ञान आहे का? तुमचं आणि त्यांचं, दोन्ही उत्तरं इथे डळमळतात. टिमथी विल्यमसन यांनी २००० साली खेळाचा पटच बदलला. ज्ञानाचे तुकडे करून व्याख्या करायला जाऊच नका, ज्ञान हीच मूळ कल्पना धरा आणि विश्वास, समर्थन वगैरे तिच्यावरून समजून घ्या, असं त्यांचं म्हणणं.

याला दोन फाटे फुटतात, दोन्हींवर थोडं चालून यावं. आठव्या शतकातले बौद्ध तार्किक धर्मोत्तर यांच्याकडे एक उदाहरण आहे: तहानलेल्याला मृगजळ दिसतं, तो तिथे जातो आणि खडकाखाली खरंच पाणी असतं. हे गेटियर यांच्याशी इतकं जुळतं की लोक लगेच 'आमच्याकडे आधीच होतं' म्हणून मोकळे होतात. घाई नको. धर्मोत्तर ज्ञानाची वेगळीच कल्पना घेऊन चालले होते, त्यामुळे तेच उदाहरण त्यांच्या हाती वेगळं काम करतं. दुसरा फाटा प्रयोगांचा. २००१ मध्ये वाइनबर्ग, निकल्स आणि स्टिच यांनी दाखवलं की अशा उदाहरणांवरचा कौल संस्कृतीप्रमाणे बदलतो. मोठी खळबळ उडाली. पुढच्या मोठ्या पाहण्यांमध्ये तो फरक काही टिकला नाही. पण 'आपल्याला असं वाटतं' याला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं, हा प्रश्न त्या निमित्तानं जो उभा राहिला तो अजून उभाच आहे.

एवढ्याला दीड महिना लागेल. लागू द्या.

दुसरं पाऊल: युक्तिवाद सुटा करणं

विश्लेषणवादी लेखन वाचण्याचं मुख्य कौशल्य म्हणजे युक्तिवाद सुटा करून क्रमवार मांडणं. सरावासाठी फ्रँक जॅक्सन यांचा १९८२ चा मेरीचा युक्तिवाद उत्तम. मेरी काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढलेली शास्त्रज्ञ. रंग दिसण्यामागची सगळी भौतिक माहिती तिला आहे. एक दिवस ती बाहेर येते आणि पहिल्यांदा लाल रंग पाहते. मांडणी अशी:

१. बाहेर येण्याआधी मेरीला रंगदृष्टीबद्दलची सगळी भौतिक तथ्यं माहीत होती.
२. बाहेर आल्यावर तिला काहीतरी नवं कळलं.
३. म्हणजे भौतिक नसलेलं निदान एक तथ्य आहे.

आता स्वतःला विचारा, १ आणि २ वरून ३ खरंच निघतं का? तसं सरळ निघत नाही. 'नवं कळणं म्हणजे नवं *तथ्य* कळणं' असं एक न लिहिलेलं विधान मधे दडलेलं आहे. आक्षेप घेणारे नेमके तिथेच घाव घालतात. एक गट म्हणतो, तथ्य जुनंच, ओळख नव्या बाजूनं झाली. इथे तुम्हाला फ्रेगे यांचा १८९२ चा अर्थ आणि निर्देश यांवरचा लेख लागतो. पहाटेचा तारा आणि सांजतारा दोन्ही शुक्रच आहेत, पण 'पहाटेचा तारा म्हणजे सांजतारा' ही माहिती 'शुक्र म्हणजे शुक्र' यापेक्षा मोलाची आहे. ती का, हे फ्रेगे सांगतात. फ्रेगे वाचण्याची खरी वेळ ही. आधी वाचले असते तर ताऱ्यांची गंमत वाटून सोडून दिले असते.

दुसरा गट, डेव्हिड लुईस वगैरे, म्हणतो की मेरीला तथ्य मिळालं नाही, क्षमता मिळाली: लाल रंग डोळ्यांपुढे आणता येणं, ओळखता येणं. खुद्द जॅक्सन यांनी पुढे हा युक्तिवाद सोडून दिला, हेही लक्षात ठेवण्यासारखं. याच वाटेवर थॉमस नेगल यांचा १९७४ चा, वटवाघूळ असणं आतून कसं वाटतं यावरचा लेख, जॉन सर्ल यांची १९८० ची चिनी खोली (चिनी न समजता नियम पाळून चिनीत उत्तरं देणाऱ्या माणसाचं उदाहरण) आणि डेव्हिड चामर्स यांचा १९९५ चा जाणिवेच्या 'कठीण प्रश्ना'वरचा, म्हणजे भौतिक प्रक्रियांसोबत अनुभव का येतो यावरचा लेख येतो. या क्रमानं घेतले तर चौघे एकमेकांशी बोलताहेत असं वाटायला लागतं.

मधला थांबा: आपली भाषा हे हत्यार आहे

यावर जरा रेंगाळतो, कारण पाठ्यपुस्तकांत हे मिळणार नाही. इंग्रजीत 'मला पोहता येतं', 'मला त्याचा पत्ता माहीत आहे' आणि 'मी तिला ओळखतो' या तिन्हींसाठी एकच क्रियापद चालतं. गिल्बर्ट राइल यांनी १९४० च्या दशकात बजावलं की यांतले पहिले दोन प्रकार वेगळे आहेत: *कसं करायचं* हे येणं म्हणजे मनात विधानं बाळगणं नव्हे. २००१ मध्ये जेसन स्टॅन्ली आणि विल्यमसन यांनी उलट बाजू घेतली. त्यांच्या मते 'येणं' हाही 'माहीत असणं' याचाच एक प्रकार, आणि त्यांच्या युक्तिवादाचा बराच भार इंग्रजी वाक्यरचनेवर होता.

मराठीत बघा काय होतं. 'मला पोहता येतं' या वाक्यात माहितीचं नावसुद्धा नाही. 'कसं पोहायचं ते मला माहीत आहे' हे वेगळं वाक्य आहे, आणि गुडघा मोडलेला प्रशिक्षक दुसरं म्हणू शकतो, पहिलं कदाचित नाही. यावरून स्टॅन्ली आणि विल्यमसन चुकले असं सिद्ध होत नाही. भाषेत दोन शब्द असले म्हणून जगात दोन गोष्टी असतातच असं नाही. पण ज्या युक्तिवादाचा पाया व्याकरण आहे, तो आपल्या व्याकरणावर तपासून पाहायचा हक्क आपल्याला आहे. आणि परत मेरीकडे या: 'लाल कसा दिसतो ते तिला *कळलं*' आणि 'लाल *ओळखता यायला लागलं*' यांतलं अंतर मराठी कानाला लगेच जाणवतं.

म्हणून एक वही फक्त शब्दांसाठी ठेवा. डाव्या पानावर मूळ संज्ञा देवनागरीत, उजवीकडे तुमचं मराठी आणि त्याखाली तो शब्द कुठे फसतो याची नोंद. सत्तामीमांसा, संकल्पस्वातंत्र्य, प्रत्यक्षार्थवाद असे तयार शब्द वापरा, पण शब्द मिळाला म्हणजे कल्पना कळली असं समजू नका. संस्कृत शब्दाचा भारदस्तपणा अज्ञान फार छान झाकतो.

तर्कशास्त्र किती?

भीती वाटते त्यापेक्षा कमी. विधानांचं तर्कशास्त्र, 'सर्व' आणि 'काही' यांची चिन्हं, आणि 'अनिवार्यपणे', 'शक्यतः' यांची तोंडओळख. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत होतं. शेवटचा भाग टाळू नका. सॉल क्रिपके यांनी १९७० च्या जानेवारीत प्रिन्स्टनला दिलेली नावं आणि अनिवार्यता यांवरची तीन व्याख्यानं समजायची तर तो लागतोच. ही व्याख्यानं टिपणांशिवाय दिलेली आहेत, त्यामुळे त्यांत बोलण्याची लय टिकून आहे आणि ती वाचायला सुखद आहेत.

तिसरं पाऊल: दुसरा काठ

आता हुसेर्ल यांच्यापासून निघालेल्या परंपरेकडे वळायचं, म्हणून हातातली हत्यारं खाली ठेवायची. हायडेगर किंवा मर्लो-पाँती यांचं पान १, २, ३ असं मांडायला गेलात तर हाती भुसा येतो. तिथलं काम वर्णनाचं आहे. आपण ज्यातून रोज जातो पण ज्याकडे बघत नाही, ते दिसेल असं वर्णन करणं.

वाचण्याआधी हा सराव करा. सवयीच्या हत्यारानं दहा मिनिटं काम करा, मग लिहा: काम चालू असताना ते हत्यार तुम्हाला 'वस्तू' म्हणून दिसत होतं का? बहुधा नाही. लक्ष कामावर होतं. ते मोडलं किंवा सापडलं नाही, तेव्हाच ते समोर आलं. हायडेगर यांच्या १९२७ च्या 'अस्तित्व आणि काळ' या ग्रंथातलं हातोडीचं प्रसिद्ध विवेचन हेच आहे. मर्लो-पाँती १९४५ च्या ग्रंथात अंध माणसाच्या काठीबद्दल बोलतात. सवय झाली की काठी जाणवत नाही, काठीच्या टोकाशी जग जाणवतं. ही दोन विवेचनं वाचून पुन्हा मेरीकडे जा. मग विचारावंसं वाटतं की ही मेरी नुसते डोळे आणि मेंदू का? तिला शरीर आहे, ती खोलीत वावरते, वस्तू हाताळते. जॅक्सन यांनी ते सगळं न सांगता वगळलं होतं. प्रश्न तोच राहतो, पण त्याची चौकट दिसायला लागते.

या काठावर तीन पथ्यं पाळावीत. पहिलं, मूळ ग्रंथ सलग वाचू नका. एखादा विभाग घ्या आणि शेजारी चांगलं भाष्य ठेवा. विश्लेषणवादी लेखाला भाष्य लागत नाही, इथे न घेणं हा वृथा अभिमान. दुसरं, लेखक कोणाला उत्तर देतोय ते आधी शोधा. जॅक देरिदा यांच्या १९६७ च्या पुस्तकांपैकी एक तर हुसेर्ल यांच्यावरच आहे. ते नुसतं वाचलं तर शब्दांचा खेळ वाटतो, हुसेर्ल शेजारी ठेवले तर पकड लागते. तिसरं, मांडणी हाच युक्तिवाद असू शकतो. मिशेल फूको यांचं १९७५ चं शिक्षा आणि तुरुंगावरचं पुस्तक १७५७ मधल्या एका भयानक देहदंडाच्या वर्णनानं उघडतं आणि लगेच, सुमारे ऐंशी वर्षांनंतरचं, बालकैद्यांचं तासातासाचं वेळापत्रक समोर ठेवतं. दोन्हींच्या मधे काय घडलं, हाच त्या पुस्तकाचा विषय.

दोन काठांवरची भांडणंही वाचा, कारण त्यांत दोन्ही बाजू आपापलं गृहीत उघड करतात. हायडेगर यांनी १९२९ च्या व्याख्यानात 'शून्यता' हा विषय घेतला. दोन-तीन वर्षांत रुडॉल्फ कार्नाप यांनी त्यातलीच वाक्यं घेऊन ती अर्थहीन असल्याचं दाखवायचा प्रयत्न केला. हे दोन्ही लेख छोटे आहेत, एका आठवड्यात होतात. माझं मत विचाराल तर, कार्नाप व्याकरणाच्या मुद्द्यावर जिंकतात आणि हायडेगर मुळात व्याकरणाबद्दल बोलतच नव्हते. तुमचं मत वेगळं झालं तर चांगलंच.

चौथं पाऊल: नीती आणि राज्य, जोडीजोडीनं

इथे एकटा लेखक वाचू नये. जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये अज्ञानाच्या पडद्याची कल्पना मांडली: समाजात आपण कोण असू हे ठाऊक नसताना नियम ठरवायचे. १९७४ मध्ये हार्वर्डमधलेच त्यांचे सहकारी रॉबर्ट नोझिक यांनी उत्तर दिलं. लोकांनी खुशीनं एका बास्केटबॉलपटूला पैसे दिले आणि तो श्रीमंत झाला, तर अन्याय कुठे झाला? दोघांचे नेमके तेवढेच विभाग समोरासमोर ठेवून वाचा.

ट्रॉलीचा प्रश्न (पाच जणांना वाचवायला गाडी एकाच्या अंगावर वळवावी का?) मात्र चेष्टेचा विषय होऊन बसलाय. फिलिपा फूट यांचा १९६७ चा मूळ लेख गर्भपात आणि दुहेरी परिणामाच्या तत्त्वावर (हेतूनं केलेलं नुकसान आणि नुसतं आधी दिसलेलं नुकसान यांत फरक करणाऱ्या) आहे, ट्रॅम त्यात ओघात येते. प्रश्नाला नाव दिलं आणि वाढवलं ते ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी. मूळ लेख वाचला की कळतं, कोडं सोडवणं हा हेतू नव्हताच. मारणं आणि मरू देणं यांतला फरक कशावर उभा आहे ते तपासायचं होतं. सिमोन द बोव्हुआर यांचा १९४९ चा स्त्रीविषयक ग्रंथ आणि मिरांडा फ्रिकर यांचं २००७ चं ज्ञानव्यवहारातल्या अन्यायावरचं पुस्तक हीही अशीच जोडी. एक अस्तित्ववादातून आलेली, दुसरी विश्लेषणातून. 'कोणाचं म्हणणं ऐकून घेतलं जातं' हा प्रश्न दोन्हींत आहे. फ्रिकर वाचताना पुन्हा गेटियर आठवतात: समर्थन, पुरावा, विश्वास हे सगळं तिथे होतं, बोलणारा कोण हे मात्र नव्हतं.

साधनं आणि वेळ

स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानाचा ऑनलाइन विश्वकोश १९९५ पासून चालू आहे, मोफत आहे आणि नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांनी लिहिलेल्या आहेत. नोंद आधी पूर्ण वाचू नका. प्रस्तावना आणि पहिला विभाग वाचा, मूळ लेखाकडे जा, मग उरलेली नोंद. आधी सगळी वाचली तर मूळ लेखात तुम्हाला फक्त नोंदच दिसते. फिलपेपर्स या तत्त्वज्ञानाच्या लेखांची सूची ठेवणाऱ्या संकेतस्थळाच्या २०२० च्या पाहणीत सतराशेहून अधिक तत्त्वज्ञांनी उत्तरं दिली. संकल्पस्वातंत्र्य (आपण खरंच निवड करू शकतो हे) आणि नियतत्ववाद (सगळं आधीच्या कारणांनी ठरलेलं असतं हे) एकत्र नांदू शकतात असं मानणारे किंवा तिकडे झुकणारे सुमारे ५९ टक्के होते, मन भौतिकच आहे असं मानणारे सुमारे ५२ टक्के. म्हणजे 'तज्ज्ञांचं मत असं आहे' म्हणून कोणी दटावलं तर घाबरायचं कारण नाही.

आठवड्याला पाच-सहा तास धरले तर वर्षाचा अंदाज असा: पहिले दीड महिने गेटियर आणि परिसर, पुढचे तीन जाणिवेचे, त्याच काळात शेजारून तर्कशास्त्र. मग तीन-साडेतीन महिने दुसरा काठ, उरलेले नीती-राज्याला. मागे पडलात तर विषय कमी करा, वेग वाढवू नका.

दर आठवड्याला एक पान लिहायचं, त्याहून जास्त नाही. अर्धं पान समोरच्याचं म्हणणं, त्याला वाचून 'हो, असंच म्हणायचं होतं' वाटेल इतकं प्रामाणिक. पाव पान एकच आक्षेप, तीन नव्हे. उरलेलं पाव पान त्या आक्षेपाला तो लेखक काय म्हणेल याचं. शेवटचा भाग सगळ्यात अवघड आणि तोच सगळे गाळतात.

सोबती मिळाला तर भूमिका वाटून घ्या, पण आपल्याला न पटणारी. रॉल्स आवडतात त्यानं त्या दिवशी नोझिक व्हायचं. तासभर बोलून झालं की दोघांनी एकमेकांची पानं अदलाबदल करून घरी न्यायची आणि पुढच्या खेपेला त्या पानावर फक्त एक प्रश्न लिहून परत द्यायचं.